स्वमग्न आणि निमग्न : संवेदन-कक्षाच्या कल्पनेची एक चिकित्सा

१

'ऑटिझम' या संज्ञेला मराठीत 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द आता स्थिरावला आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही संज्ञा एका निराळ्याच विकाराच्या वर्णनात योजली, आणि ती घडविताना 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा आधार घेतला. मराठीने त्या 'स्व'ला 'मग्न' हे पद जोडले. 'मग्न' म्हणजे बुडालेला. 'मस्ज्' या संस्कृत धातूचे ते रूप होय. निमग्न, निमज्जन, उन्मज्जन हे शब्दही त्याच धातूचे. आता गंमत अशी की, माणसाला दृश्य आणि ध्वनी यांनी चहूबाजूंनी वेढून टाकणारे जे नवे तंत्र स्वमग्न मुलांसाठी सुचविले जात आहे, त्यालाही आपल्याला 'निमज्जक तंत्र' असेच म्हणावे लागते. म्हणजे अवस्थेचे नाव आणि तिच्यासाठी सुचविलेल्या साधनाचे नाव ही दोन्ही आपल्या भाषेत बुडण्याच्या एकाच कल्पनेतून निघालेली आहेत.

हा केवळ शब्दांचा योगायोग आहे, असे म्हणून तो सोडून देता येईल. परंतु शब्द हे विचाराची वाट आखून देतात. 'स्वमग्न' हा शब्द उच्चारताच, हे मूल स्वतःत बुडालेले आहे आणि त्याला बाहेर ओढून काढणे हे आपले कर्तव्य आहे, असे चित्र मनात उभे राहते. या चित्राच्या आधारे एखादे यंत्र निवडले गेले, तर त्या यंत्राचा उपयोगही त्याच दिशेने होणार. म्हणून प्रस्तुत लेखात या चित्राची तपासणी करावयाची आहे. आणि त्या तपासणीतून, स्वमग्न व्यक्तींसाठी उभारल्या जाणाऱ्या संवेदन-कक्षांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हे पाहावयाचे आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. थोड्या पैशात काय घ्यावे आणि काय घेऊ नये, असा तो अगदी व्यवहाराचा प्रश्न आहे.

२

प्रथम संवेदन-कक्ष म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७०च्या दशकात नेदरलँड्समधील एडे येथील डे हार्टेनबर्ग या संस्थेत यान हुल्सेखे आणि आट फेरहूल यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी एक निराळी खोली सजविली. मंद बदलता प्रकाश, पाण्याच्या उभ्या नळीतून वर चढणारे बुडबुडे, हातात धरता येणारे प्रकाशतंतूंचे झुबके, मऊ गाद्या, संथ संगीत आणि सुगंध अशी तिची मांडणी होती. तिला त्यांनी 'स्नूझेलेन' असे नाव दिले. हुंगत फिरणे आणि डुलकी घेणे या अर्थाच्या दोन डच क्रियापदांचा तो जोडशब्द होता. या नावातच त्या कल्पनेचा प्राण आहे. तेथे काही शिकवावयाचे नव्हते, काही सुधारावयाचे नव्हते; माणसाने आपल्या कलाने हुंगावे, पाहावे, स्पर्शावे आणि हवे तर पडून राहावे, एवढाच हेतू होता.

पुढे ही खोली युरोपातून जगभर पसरली आणि स्वमग्न मुलांच्या शाळांतही आली. नंतर तिच्यात संगणक शिरला. भिंतींवर प्रक्षेपित होणारी चित्रे, पाऊल पडताच रंग बदलणारी जमीन, आणि डोळ्यांवर चढविले की सभोवतालचे जग नाहीसे करणारे आभासी वास्तवाचे शिरस्त्राण अशा पायऱ्यांनी आजचा निमज्जक संवेदन-कक्ष सिद्ध झाला आहे. हुंगण्याच्या आणि डुलकीच्या जागी आता 'परिणाम', 'प्रगती' आणि 'प्रशिक्षण' हे शब्द आले आहेत. हे स्थित्यंतर वाईटच आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. मात्र ते कोणाच्या लक्षात न येता घडले आहे.

३

आता 'स्वतःत बुडालेले मूल' या चित्राकडे वळू. लिओ कॅनर याने १९४३ साली अकरा मुलांची जी प्रसिद्ध टिपणे प्रकाशित केली, त्यांत एकान्तप्रियतेबरोबरच आणखी एक गोष्ट नोंदविली होती. मोठे आवाज आणि हलत्या वस्तू यांची या मुलांना विलक्षण भीती वाटे. परंतु पुढील दोन दशकांत एकान्ताचे वर्णन तेवढे लोकांच्या ध्यानात राहिले, आणि आवाजाची भीती टिपणांत पडून राहिली. याचा परिणाम अनर्थकारक झाला. मूल स्वतःत शिरून बसले आहे, तर ते कोणाला भिऊन, असा प्रश्न विचारला गेला आणि आईच्या थंडपणाला, असे उत्तर दिले गेले. ब्रूनो बेटेलहाइम याच्या १९६७च्या ग्रंथाने या मताला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. वास्तविक बर्नार्ड रिमलंड याने १९६४ सालीच, या अवस्थेचे मूळ शरीररचनेत शोधले पाहिजे असे साधार प्रतिपादन केले होते. तथापि एका रूपकाने हजारो मातांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ते केलेच. रूपक किती महाग पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२०१३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती निघाली. संवेदनांना असाधारण तीव्र किंवा असाधारण मंद प्रतिसाद हे लक्षण तिने स्वमग्नतेच्या निदान-निकषांत प्रथमच स्पष्टपणे घातले. कॅनरने नोंदविलेली भीती अशा रीतीने सत्तर वर्षांनी निकषांत आली. तिचा अर्थ लक्षात घेतला, तर चित्र उलटे होते. कुकरची शिटी, पत्र्याच्या शाळेवर कोसळणारा पाऊस, वरातीतील ध्वनिक्षेपक, खामगावच्या बाजारपेठेतील गलका आणि जिनिंगची घरघर हे सर्व आपल्या कानांतून गाळून आत येते. आपण त्यातले हवे ते ऐकतो आणि नको ते सोडतो. ज्याला ही गाळणी लाभलेली नाही, किंवा ज्याची गाळणी निराळ्या विणीची आहे, त्याच्यावर ते सारे एकदम कोसळते. तो कानांवर हात ठेवतो, झुलतो, एकच वस्तू फिरवीत बसतो. आपण त्याला 'स्वतःत बुडालेला' म्हणतो. वस्तुतः तो बाहेरच्या पुरात बुडत असतो, आणि 'स्व' हाच त्याच्या हाती लागलेला एकमेव ओंडका असतो. सर्वच स्वमग्न व्यक्ती अशा अतिसंवेदनशील असतात असे नव्हे. काही जण उलट तीव्र संवेदनांच्या शोधात असतात, आणि एकाच व्यक्तीत दोन्ही प्रवृत्ती नांदू शकतात. पण दोन्ही प्रकारांत प्रश्न एकच : संवेदनेचे प्रमाण कोणी ठरवावयाचे?

४

हा प्रश्न हाती घेऊन आपण काही प्रयोगांकडे पाहू. आभासी वास्तवाचा स्वमग्न मुलांसाठी केलेला एक आरंभीचा प्रयोग डोरोथी स्ट्रिकलंड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. त्यात मुले दोनच होती. त्यांनी जड शिरस्त्राण सहन केले आणि आभासी रस्त्यावरील मोटारी ओळखल्या, एवढेच त्यातून सिद्ध झाले. शिरस्त्राण मुलाला चालते का, हा तेव्हाचा प्रश्न होता. ते चालवून घ्यावे का, हा प्रश्न पुढचा होता.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक बोधप्रद आहे. एखाद्या विशिष्ट गोष्टीची तीव्र भीती बाळगणारी नऊ स्वमग्न मुले त्यांनी निवडली. शिरस्त्राणाऐवजी चारही बाजूंनी पडदे असलेल्या खोलीत त्या गोष्टीचे दृश्य पायरीपायरीने दाखविण्यात आले, आणि सोबत उपचारक उभा राहिला. नऊपैकी आठ मुले भीतीच्या प्रसंगाला प्रत्यक्ष जीवनात तोंड देऊ लागली. चौघांची भीती पूर्णपणे गेली. संख्या लहान आहे हे खरे. पण येथे यश आले ते भ्रमाच्या दाटपणामुळे, असे मानण्यास आधार नाही. पुढची पायरी चढण्याआधी मूल कितपत शांत आहे हे पाहिले जात होते, आणि खोलीत एक विश्वासाचा माणूस होता, या दोन गोष्टी दुर्लक्षून चालणार नाही.

त्याआधी, २०००च्या दशकाच्या आरंभी, 'मीडिएट' नावाचा एक युरोपीय प्रकल्प झाला. बार्सिलोना येथील नार्सिस पारेस हे त्याच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक होत. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी त्यांनी षट्कोनी आकाराचे एक दालन उभारले. मूल हलले की पडद्यावरची आकृती बदले, पाय आपटला की ध्वनी निघे. कोणतेही काम दिलेले नव्हते, कोणतेही बरोबर उत्तर नव्हते. 'हे माझ्यामुळे घडते आहे' एवढी कर्तेपणाची जाणीव मुलाला यावी, हेच त्या दालनाचे प्रयोजन होते.

या साऱ्यांत निर्णायक महत्त्वाचा मुद्दा मांडला तो कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली. चार ते बारा वर्षांच्या एक्केचाळीस स्वमग्न मुलांना त्यांनी एकाच संवेदन-कक्षात दोन प्रकारे नेले. एका वेळी दिवे, ध्वनी आणि स्पर्शसाधने यांतील बदल मुलाच्या हाती होते. दुसऱ्या वेळी ते त्याच्या हाती नव्हते. खोली तीच, साधने तीच. परंतु बदलाचे नियंत्रण हाती असताना मुलांचे अवधान वाढले, आणि पुनःपुन्हा होणाऱ्या शारीरिक हालचाली व तोंडाने काढलेले आवाज कमी झाले. म्हणजे खोलीचा गुण खोलीत नव्हता, कळ कोणाच्या हाती आहे यात होता.

याला एका जिवंत अनुभवाचा दुजोरा मिळतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुविज्ञान-संशोधक स्वतः स्वमग्न आहेत. गुरांना स्थिर धरणारा पिंजरा पाहून त्यांनी तरुण वयात स्वतःसाठी एक दाबयंत्र तयार केले. दोन्ही बाजूंनी शरीराला दाब देणाऱ्या त्या यंत्रात त्यांना शांतता लाभे. माणसांची मिठी ज्यांना असह्य होई, त्यांना यंत्राचा दाब सुखाचा वाटे. कारण दाब किती, हे ठरविणारी दांडी त्यांच्याच हाती होती.

५

या निष्कर्षाला आपल्या साहित्यविचारात एक जुना आणि नेमका शब्द आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाचे स्वरूप सांगताना 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी समरस होतो, परंतु आपले आपलेपण सर्वस्वी विसरत नाही; तो एकाच वेळी तेथेही असतो आणि येथेही असतो, आणि या दुहेरी स्थितीतूनच आनंद निर्माण होतो, असा त्या मताचा आशय. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि रसचर्चेत तो कितपत टिकतो हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. पण निमज्जक तंत्राची चिकित्सा करण्यास तो फार उपयोगी आहे.

कारण या तंत्राचा धंदा निर्विकल्प समाधीचे आश्वासन देतो. आपण यंत्रात आहोत हे माणसाने विसरावे, यातच यंत्राची थोरवी, असे तेथे मानले जाते. ज्याची गाळणी भक्कम आहे आणि ज्याला शिरस्त्राण केव्हाही काढून ठेवता येते, त्याला हे विसरणे करमणुकीचे आहे. पण जो आधीच पुरात आहे, ज्याला 'पुरे' हा शब्द वेळेवर उच्चारता येत नाही, त्याला आणखी दाट भ्रमात लोटणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली त्याच संकटाची पुनरावृत्ती करणे होय. त्याच्या दृष्टीने निमज्जनाइतकाच उन्मज्जनाचा, म्हणजे वर येण्याचा, मार्ग महत्त्वाचा. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकविताना मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधीत. भोपळा पोहत नाही. पण तो आहे म्हणून मूल पाण्यात उतरण्याचे धैर्य करते. संवेदन-कक्षातील कळ, दाराची उघडी फट, सोबतचा ओळखीचा माणूस, 'थांब' सांगणारे एक चित्र हा त्या कक्षातला भोपळा आहे. तो नसेल तर कक्षाची किंमत कितीही असो, ती विहीरच.

या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कळ मुलाच्या हाती दिली तर ते एकच दिवा शंभर वेळा लावील आणि विझवील. यात शिक्षण कोठे आहे? त्याचे उत्तर असे की, कार्डिफच्या प्रयोगात नियंत्रण मिळाल्यावर पुनरावृत्त हालचाली वाढल्या नाहीत, घटल्या. शिवाय शंभर वेळा दिवा लावणारे मूल कार्यकारणाचा एक भरवशाचा अनुभव घेत असते. जगात त्याला असा भरवसा फार थोड्या ठिकाणी मिळतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोलीत शांत झालेल्या मुलाला खोलीबाहेरचे जग तसेच गोंगाटाचे राहणार. मग खोलीने साधले काय? हा आक्षेप मान्य केला पाहिजे. डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली दाखवून दिले की, स्वमग्न आणि इतर यांच्यातील गैरसमज दुहेरी असतो. आपल्यालाही त्यांचे मन कळत नाही. म्हणून खोली ही बाहेरच्या सुधारणेची जागा घेऊ शकत नाही. शाळेची घंटा थोडी हळू वाजविणे, हे खोलीइतकेच काम आहे.

६

आता हा विचार बुलढाण्याच्या भूमीवर उतरवून पाहू. या जिल्ह्यात पूर्वापार एक फार मोठे संवेदन-क्षेत्र आहे. पिंपळगाव सराईजवळील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक मनोविकाराने पीडित आप्तांना घेऊन येतात. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत नारळांची होळी पेटते. श्रद्धेचा उपहास करणे हे या लेखाचे काम नाही. लांबचा प्रवास करून येणाऱ्या आईला तेथे जो मायेचा आधार मिळतो, तो तिला अनेकदा दुसरीकडे मिळालेला नसतो. परंतु गर्दी, धूर, ज्वाला आणि कोलाहल यांनी वेढलेल्या त्या निमज्जनात स्वमग्न मुलाच्या हाती कोणतीच कळ नसते, हेही तितकेच खरे. त्याचा आक्रोश मग बाधेचे लक्षण ठरण्याचा धोका असतो. येथे कसोटी तीच लागू पडते, आणि ती यात्रेला जशी लागू पडते तशीच महागड्या शिरस्त्राणालाही लागू पडते. ज्या खोलीत शिक्षक शिरस्त्राण चढवितो आणि मूल ते काढू शकत नाही, ती खोली आधुनिक असली म्हणून तिची जात बदलत नाही.

दुसरे उदाहरण लोणारचे. बसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर २०२० साली रामसर स्थळांच्या यादीत गेले. समजा, एखाद्या विशेष शाळेची सहल तेथे जावयाची आहे. विवराच्या काठावरून खाली उतरणारी वाट, पायऱ्या, माकडे, झाडी, मधला विस्तीर्ण जलाशय हे सर्व आधी भिंतीवरच्या चित्रात पायरीपायरीने दाखविले, तर अनपेक्षिताची भीती पुष्कळ कमी होईल. न्यूकॅसलच्या प्रयोगाचे हे अगदी घरगुती रूप होय, आणि निमज्जक तंत्राचा हाच सर्वांत निर्मळ उपयोग, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परंतु लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याला जो उग्र दर्प आहे, तो पडद्यातून येत नाही. गंधाविषयी हळव्या असलेल्या मुलाला तळाशी पोहोचल्यावर तोच प्रथम भेटेल. चित्र हुबेहूब होते, म्हणून अनुभवाची तयारी पूर्ण झाली असे मानणाऱ्या शिक्षकाला तो दर्प चांगला धडा देईल. डोळा आणि कान म्हणजे संपूर्ण मनुष्य नव्हे.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. १९९५च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा स्वतंत्र समावेश केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे हक्क कागदावर आला आहे. पण राजूर घाट उतरून मलकापूरला गाडी धरणाऱ्या आणि निदानासाठी मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाला हा कागद किती जवळचा वाटत असेल, याची कल्पना करावी. अशा स्थितीत एखाद्या केंद्राला थोडा निधी मिळाला, तर पहिला मोह चकचकीत यंत्राचा होतो. उद्घाटनाच्या छायाचित्रात तेच शोभते.

प्रस्तुत विवेचनावरून निराळा क्रम सुचतो. प्रथम एक शांत खोली. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, भिंतींना प्रतिध्वनी शोषणारे आच्छादन. नंतर मुलाच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर एक मोठी कळ, आणि प्रकाश कमी-जास्त करणारे एक बटण. खडखडणारी, गुळगुळीत, खरबरीत, जड अशी साधी वस्तुसामग्री. वाळूची पिशवी, कापसाचे गाठोडे, पाण्याचे घंगाळ. वीज गेली की गडद खोलीत एकाएकी काळोख होतो आणि तासाभराची शांतता क्षणात मोडते. म्हणून बॅटरीवर चालणारा एक दिवा. त्यानंतर एक प्रशिक्षित विशेष शिक्षक, जो मुलाच्या 'पुरे'च्या खुणा वाचू शकेल. हे सर्व झाल्यावर निधी उरला, तर प्रक्षेपक घ्यावा. शिरस्त्राण सर्वांत शेवटी. आणि तेही, त्याच्या उत्पादकांनीच घातलेली वयोमर्यादा ध्यानात ठेवून.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनाचे एक मोकळे क्षेत्र आहे. आपल्या भागातील मुलांना कोणते आवाज, कोणते स्पर्श, कोणते गंध असह्य होतात आणि कोणते सुखद वाटतात, याची मराठीतून, पालकांच्या आणि शक्य तेथे खुद्द स्वमग्न व्यक्तींच्या शब्दांत केलेली नोंद आपल्या हाती असली पाहिजे. तिच्यावाचून उभारलेला कक्ष हा परगावच्या मुलासाठी शिवलेला सदरा ठरेल.

'स्वमग्न' हा शब्द आता बदलणे कठीण आहे, आणि तो बदललाच पाहिजे असा आग्रहही नाही. शब्द रूढ झाले की ते आपल्या मूळ अर्थापासून सुटे होतात. परंतु संवेदन-कक्षाच्या दारावर तो लिहिताना आपण एवढे ध्यानात ठेवावे की, आत जाणारे मूल आधीच पुष्कळ पाण्यातून आले आहे. आत गेल्यावर कळ कोठे आहे, हे त्याला सर्वप्रथम दाखवावे.